अभिजात स्पोर्ट्स कार : ऑटोमॅटिक ते मॅन्युअल गिअरबॉक्स

कारखान्यातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह निघालेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला क्लच आणि हाताने टाकायचे गिअर बसवण्याचे काम. दिल्ली व भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात (एनसीआर) हे काम वर्कशॉपइतकेच परिवहन कार्यालयाशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी : जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ आणल्यावर अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांची चाल पडली. तिथल्या गिऱ्हाइकासाठी यूरोपीय स्पोर्ट्स कारनाही हा पर्याय द्यावा लागला. जॅग्वारने १९६६ मध्ये ई-टाइपची २+२ आवृत्ती काढताना व्हीलबेस नऊ इंचांनी वाढवला व तीत बोर्ग-वॉर्नरचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक बसवण्याची सोय केली. मर्सिडीझच्या डब्ल्यू-११३ मालिकेला (१९६३–७१) दोन्ही पर्याय होते. नंतरची ४५० एसएल मात्र फक्त ऑटोमॅटिक मिळे. जॅग्वार एक्सजे-एसची व्ही-१२ इंजिनाची मॅन्युअल आवृत्ती १९७९ मध्ये बंद झाली, तोवर अशा जेमतेम ३५२ गाड्या बनल्या होत्या. ज्या मॉडेलला कारखान्यानेच मॅन्युअलचा पर्याय दिला होता, त्याचे रूपांतर सोपे आणि जाणकारांना अधिक मान्य. ४५० एसएलसारख्या गाडीत ते मूळ रचनेपासून दूर जाणेच ठरते.

दिल्लीत परदेशी गाड्या येण्याचा एक मार्ग दूतावासांचा होता. राजनैतिक अधिकाऱ्यांनी आणलेल्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात.

कामाचे स्वरूप : ऑटोमॅटिकमध्ये इंजिनामागे पातळ फ्लेक्सप्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर असतो. ते काढून जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग बसवावे लागते. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंगची जागा आहे का, हे आधी पाहावे. काही ऑटोमॅटिक गाड्यांत ते भोक पुरते कोरलेलेच नसते. मग बेल हाउसिंग, क्लचचे पेडल, मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर. नव्या बॉक्सची लांबी वेगळी असेल तर प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळ्या बंद करणे, न्यूट्रलमध्येच स्टार्टर फिरू देणाऱ्या स्विचची वायर जोडून घेणे आणि रिव्हर्स दिव्याचा नवा स्विच लावणे ही कामे लहान, पण विसरली तर गाडी सुरूच होत नाही किंवा तपासणीत अडते.

फोर्ड मस्टँगचे उदाहरण बोधक आहे. तिच्या लहान व्ही-८ इंजिनाच्या ब्लॉकवर बेल हाउसिंगचे पाच बोल्ट असत; ऑगस्ट १९६४ पासून ते सहा झाले. पाच बोल्टांच्या ब्लॉकला नंतरचे बेल हाउसिंग बसत नाही. शिवाय या इंजिनाचा तोल बाहेरून, फ्लायव्हीलमधील ठरावीक असंतुलनाने साधलेला असतो. १९६०च्या दशकातील इंजिनाला २८ औंस-इंचांचे फ्लायव्हील लागते. पुढच्या काळातले ५० औंस-इंचांचे चढवले तर इंजिन हादरू लागते आणि कालांतराने बेअरिंग खराब होतात. म्हणून ‘बसले’ एवढ्यावर भागत नाही.

सुटे भाग : काश्मिरी गेट व मायापुरी येथे साधे बेअरिंग, सील, नळ्या मिळतात, पेडल बॉक्स व बेल हाउसिंग बहुधा परदेशातून मागवावे लागते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फेरफार, अशी ‘बदला’ची व्याख्या त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. इंजिन व चासी क्रमांक, इंधन, बॉडीचा प्रकार प्रमाणपत्रावर असतात. गिअरबॉक्सचा प्रकार सर्वसाधारणपणे नसतो. यावरून हा बदल कलमाबाहेर राहतो असे काही जण मानतात. तो अर्थ सर्वमान्य नाही. काम हाती घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याचे लेखी मत घ्यावे हे उत्तम.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद झाली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी शेल वा इंजिनात फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. गिअरबॉक्सचा उल्लेख या यादीत नाही. परंतु गिअरच्या दांड्यासाठी तळपत्रा कापला, तर बॉडी शेलला हात लागतो. सगळा प्रश्न या कापण्याशी येऊन थांबतो.

एनसीआरमध्ये त्यात वयाची भर पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे २०१४–१५ चे आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑक्टोबर २०१८ चा आदेश यांनी पंधरा वर्षांवरील पेट्रोल व दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. पुढे त्यात अंतरिम फेरफार झाले. १९८०च्या दशकातली एक्सजे-एस पंधरा वर्षांच्या पुढे गेलेली आणि पन्नाशीच्या अलीकडे राहिलेली. रूपांतराचा मोह नेमका अशा गाडीचा होतो आणि तिलाच ‘व्हीए’चा आसरा नाही.

रॅली : दिल्लीतील ‘द स्टेट्समन’ची व्हिंटेज रॅली १९६४ पासूनची आहे. अशा ठिकाणी मूळपणाला किंमत असते.

हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम (तावडू, हरियाणा) पाहणाऱ्याला मूळ रूपात राखलेल्या गाडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून रूपांतर बोल्ट काढून उलटवता येण्याजोगे असावे. मूळ गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट व शाफ्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीबरोबर जपावेत आणि विकताना नव्या मालकाच्या स्वाधीन करावेत. तळपत्रा कापल्याशिवाय काम होत नसेल, तर ते करू नये.