जुन्या कम्प्युटरचा सीसीटीव्ही रेकॉर्डर : घरी कसा बनवायचा, किती दिवसांचं साठतं, आणि पोलिसांना फुटेज कसं द्यायचं

वर्धा : पोरांच्या शिक्षणासाठी घेतलेला कम्प्युटर आता कोपऱ्यात धूळ खात पडलाय, अशी घरं जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सापडतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट बंद झाली, तेव्हापासून हे कम्प्युटर आणखीनच अडगळीत गेले. दुसरीकडे दुकान, गोठा, कापसाची खोली यांवर कॅमेरा लावायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. त्या पडलेल्या कम्प्युटरलाच कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बनवता येतं का? येतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, काम एक-दोन दिवसांचं आहे. पण काही गोष्टी आधी माहीत नसल्या तर चोरी झाली त्याच दिवशीचं रेकॉर्डिंग सापडत नाही, आणि मग सगळा खटाटोप पाण्यात जातो.

पहिले विजेचा हिशोब करा. जुना डेस्कटॉप चोवीस तास चालला तर साधारण ५० वॅट खातो. म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, महिन्याला ३६ युनिट. बाजारातला तयार रेकॉर्डर १५ वॅटमध्ये भागवतो, महिन्याला ११ युनिट. त्यामुळे फक्त पैसे वाचवायचे म्हणून हे करू नका. दोन कॅमेऱ्यांच्या किराणा दुकानाला तयार डब्बा परवडतो. ज्यांच्याकडे कम्प्युटर पडूनच आहे, जास्त दिवसांचं रेकॉर्डिंग हवं आहे किंवा माणूस दिसला तरच मोबाईलवर सूचना हवी आहे, त्यांच्यासाठी घरचा रेकॉर्डर बरा. लॅपटॉप असेल तर वीज आणखी कमी लागते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर तो वापरू नका.

कॅमेरा कोणता घ्यायचा

इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. गोल पिनेची, टीव्हीच्या केबलसारखी जाड वायर असलेला कॅमेरा कम्प्युटरला सरळ जोडता येत नाही. त्याला वेगळं कार्ड लागतं आणि त्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. नेटवर्क वायर लागणारा आयपी कॅमेरा घ्या. घेताना दुकानदाराला दोनच शब्द विचारा : ओएनव्हीआयएफ आणि आरटीएसपी. ओएनव्हीआयएफ हा २००८ पासूनचा नियम आहे, त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरशी बोलतो. आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्यातून चित्र बाहेर काढायची वाट. बल्बसारखे दिसणारे, फक्त स्वतःच्या ॲपवर चालणारे बरेच स्वस्त वायफाय कॅमेरे ही वाट देतच नाहीत. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

सोबत पीओई स्विच घेतला तर एकाच वायरमधून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही येतं. ही वायर १०० मीटरपर्यंतच चालते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. वावर घरापासून लांब असेल तर हा रेकॉर्डर तिथं कामाचा नाही. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच येते, त्यावर कम्प्युटर चालत नाही. वावरासाठी सोलर पॅनल आणि सिम कार्डवाला, मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा वेगळा मिळतो.

किती दिवसांचं साठतं

हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं रेकॉर्ड करत असेल तर एका दिवसात २१.६ जीबी भरतात. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि त्यानंतर जुनं आपोआप पुसून त्यावर नवीन चढत जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६४ च्या जागी एच २६५ निवडलं तर जवळपास तेवढ्याच चित्राला अर्धी जागा लागते, दिवस दुप्पट होतात. फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा असंही सांगता येतं. पण गोठ्यात जनावर रात्रभर शेपूट हलवतं, तिथं त्यानं फारशी बचत होत नाही.

डिस्क जुनी वापरू नका. कम्प्युटर जुना चालेल, रॅम जुनी चालेल, डिस्क मात्र नवीनच हवी आणि तीही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली. सीगेटची स्कायहॉक आणि वेस्टर्न डिजिटलची पर्पल या त्याच कामाच्या आहेत. जुन्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स ठेवा, रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर जाऊ द्या.

सॉफ्टवेअर

विंडोजची सवय असेल तर एजंट डीव्हीआर घ्या. घरच्या घरी बघायला ते फुकट आहे, बाहेरून बघायच्या त्यांच्या सोयीला मात्र पैसे पडतात. लिनक्स टाकता येत असेल तर झोनमाइंडर किंवा फ्रिगेट ही पूर्ण मोफत आहेत. चार कॅमेऱ्यांसाठी आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असली की निभतं. प्रत्येक कॅमेरा एक मोठं आणि एक छोटं, अशी दोन चित्रं पाठवतो. रेकॉर्डिंगसाठी मोठं आणि हालचाल ओळखायला छोटं चित्र लावा, नाहीतर जुना कम्प्युटर धापा टाकतो.

फ्रिगेट चित्रातला माणूस, मोटारसायकल, गाय, कुत्रा ओळखतं. आपल्या कास्तकारांचा पहिला प्रश्न असतो, रानडुक्कर ओळखते का? नाही. त्याच्यासोबत येणारी ओळख ज्या ८० नावांच्या यादीवर शिकवलेली आहे, त्यात हत्ती, झेब्रा, जिराफ आहेत. रानडुक्कर, रोही आणि बिबट नाहीत. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांनी त्यासाठी यावर विसंबू नये.

लाइट, घड्याळ आणि कापसाची धूळ

लाइट गेली आणि परत आली, तर कम्प्युटर आपोआप चालू व्हायला पाहिजे. नवा असताना तो तसा होत नाही, बटन दाबायची वाट पाहत बसतो. चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि वीज गेल्यानंतरच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर ऑन’ निवडा. कम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला तर स्विच आणि राउटरही त्याच लाइनवर घ्या. नाहीतर रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे झोपलेले, असं होतं.

मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. जुन्या कम्प्युटरचा हा सेल हमखास संपलेला असतो आणि मग प्रत्येक वेळी लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सेल किरकोळ किमतीत मिळतो, आधी तोच बदला. कॅमेऱ्यांचं घड्याळही कम्प्युटरशी जुळवून ठेवा. चोरी रात्री दोनची आणि फुटेजवर दुपारचे चार, असं झालं तर पुढं वकिलाला आयतंच सापडतं.

दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो. त्या खोलीत कम्प्युटर ठेवू नका. रुई पंख्यात जाऊन बसते, कम्प्युटर तापतो, आणि कापसाजवळ तापलेली वस्तू म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तर तो टिकणारच नाही. मधल्या खोलीत, चोराला सहज दिसणार नाही असा ठेवा. चोर तयार डब्बा ओळखतो आणि जाताना तोही घेऊन जातो. कॉटखालचा जुना कम्प्युटर त्याच्या लक्षात येत नाही.

मोबाईलवर बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडून देऊ नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कारण लोकांनी कंपनीचा मूळ पासवर्डच बदलला नव्हता. पासवर्ड बदला आणि टेलस्केलसारखं ॲप कम्प्युटर आणि मोबाईल दोन्हीकडे टाका, घरगुती वापराला ते फुकट आहे.

पोलिसांना फुटेज देताना

फुटेजचा कागद किती महत्त्वाचा असतो ते जालन्याच्या प्रकरणात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल २९६ मतांनी लागला. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन थांबला, आणि त्या रेकॉर्डिंगचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला सांगितलं : मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, पण कॉपी देत असाल तर प्रमाणपत्र लागतंच.

१ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक रेकॉर्डर सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, फाइलमध्ये जरासा बदल झाला की तो बदलतो. म्हणूनच स्क्रीनचा मोबाईलनं व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं हा पुरावा देण्याचा मार्ग नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, ठसा बदलतो.

घटना कळली की त्याच दिवशी, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. कम्प्युटरमधली फाइलही पुसली जाणार नाही अशी लॉक करा किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण अकरा-बारा दिवसांनी त्या जागेवर नवं रेकॉर्डिंग चढेल. पेनड्राइव्ह दिल्याची पोच पोलीस ठाण्यातून लेखी घ्या.

कॅमेऱ्याचं तोंड आपल्याच दारात राहू द्या. शेजाऱ्याची न्हाणी, अंगण किंवा बाया पाणी भरतात ती जागा चित्रात येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तेवढा भाग काळा करता येतो. बाईचं खाजगी क्षणातलं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

सगळं जोडून झालं की एकदा मेन स्विच पाडा, दहा मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता रेकॉर्डिंग सुरू होतं का ते बघा. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातली एखादी रात्र उघडून पाहा.