ब्रिटनमधील उमरावी निवास आणि त्यांची उद्याने : सहकुटुंब सहलीचा इतिहास

ब्रिटनमधील उमराव घराण्यांचे ग्रामीण निवास आणि त्यांभोवतीची विस्तीर्ण उद्याने पाहावयास सुटीत मुलाबाळांसह जाणे, ही तेथील मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. ती इतकी रुळलेली आहे की, या प्रथेलाही एक इतिहास असावा याचे भान सहसा राहत नाही. या निवासांच्या वास्तुशैलीवर आणि उद्यानरचनेवर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वास्तू हा नसून ती पाहावयास आलेला माणूस हा आहे. कोणाला आत घेतले गेले, त्याला काय दाखविले गेले आणि काय सांगितले गेले नाही, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने येथे काही विवेचन करावयाचे आहे. या तिन्ही प्रश्नांच्या संदर्भात लहान मूल हा घटक अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरतो.

मुलांना मज्जाव

सतराव्या शतकाच्या अखेरीस सीलिया फाइन्स या बाईंनी घोड्यावरून इंग्लंडभर प्रवास केला आणि वाटेत अनेक उमरावांची घरे पाहून त्यांची वर्णने लिहून ठेवली. परंतु घरे पाहण्याची खरी प्रथा पडली ती अठराव्या शतकात. सभ्य पोशाख, स्वतःची गाडी आणि हाउसकीपरच्या हातावर ठेवावयाचे नाणे एवढी सामग्री असली की, मालकाची ओळख नसतानाही दार उघडत असे. विल्टन येथील द्वारपालाच्या वहीत एका वर्षात २,३२४ पाहुण्यांची नोंद झाल्याचे १७७६ साली तेथे गेलेल्या एका बाईंनी आवर्जून लिहिले आहे. स्टो येथील उद्यानासाठी तर १७४४ मध्येच मार्गदर्शक पुस्तिका छापली गेली होती.

घर दाखविण्याचे काम हाउसकीपरकडे असे व ते किफायतशीर होते. हॉरेस वॉलपोल या साहित्यिक उमरावाला आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरी येणाऱ्या पाहुण्यांचा इतका उपद्रव झाला की, हाउसकीपरची प्राप्ती पाहता तिच्याशीच लग्न करून आपला तोटा भरून काढावा, असा विनोद त्याने पत्रातून केला. पुढे १७८४ मध्ये त्याने नियमच छापले. घर १ मे ते १ ऑक्टोबर या काळातच दाखविले जाईल, दिवसाला एकच मंडळी येईल, तीत चारांहून अधिक माणसे नसतील आणि मुलांना सोबत आणू नये, असे ते नियम होते.

हा शेवटचा नियम वॉलपोलच्या विक्षिप्तपणात जमा करता येण्यासारखा नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीतील पेम्बर्लीची भेट ही इंग्रजी साहित्यातील अशा प्रकारची सर्वांत प्रसिद्ध भेट होय. एलिझाबेथ तेथे मामामामींसह सुटीच्या प्रवासात जाते आणि हाउसकीपरच मालकाचे गुणगान करीत त्यांना घर दाखविते. या मामामामींना चार मुले आहेत, पण प्रवासास निघताना ती मागे थोरल्या भाचीच्या स्वाधीन केलेली आहेत. लेखिकेला याचे समर्थन करण्याची गरज वाटत नाही, यातच त्या काळचा संकेत स्पष्ट होतो. घर पाहणे हा अभिरुचीचा व्यवहार होता आणि मुलांना अभिरुची नसते असे गृहीत होते.

आगगाडी आणि चॅट्सवर्थ

हे चित्र प्रथम पालटले ते आगगाडीमुळे. जून १८४९ मध्ये लोहमार्ग डर्बीशायरमधील राउझलीपर्यंत पोहोचला. तेथून डेव्हनशायरच्या ड्यूकचे चॅट्सवर्थ जवळच होते आणि त्या उन्हाळ्यात सुमारे ८०,००० लोक ते पाहावयास आले. गिरणी-कारखान्यांच्या शहरांतील माणसे यांत होती. सहाव्या ड्यूकने दारे लावून घेतली नाहीत. येणाऱ्या प्रत्येकासाठी, मग तो कितीही सामान्य असो, कारंजी सुरू करावीत असा त्याचा दंडक होता. विल्टनमधील वर्षभराच्या आकड्याशेजारी चॅट्सवर्थचा हा आकडा ठेवला की, फरक केवळ संख्येचा राहत नाही. आता येणारा मनुष्य पाहुणा उरला नव्हता, तो गर्दीचा भाग झाला होता.

या गर्दीला ओढ होती ती तसबिरींपेक्षा बागेची. १८२६ पासून मुख्य माळी असलेल्या जोसेफ पॅक्स्टनने तेथे अचाट कामे केली होती. रशियाच्या झारसाठी १८४४ मध्ये त्याने ‘एम्परर’ नावाचे उत्तुंग कारंजे उभारले. झार आलाच नाही, कारंजे मात्र राहिले. त्याच्या प्रचंड काचगृहात भूमिगत भट्ट्यांनी उष्ण कटिबंधाचे हवामान निर्माण केले होते. त्यासाठीच्या वनस्पती कोठून आल्या, हे आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. कलकत्त्याचे वनस्पतिउद्यान आणि खासी टेकड्यांचा प्रदेश येथून ऑर्किडांचा मोठा संग्रह व ‘अ‍ॅम्हर्स्टिया’ हा मूळचा ब्रह्मदेशातील दुर्मीळ वृक्ष घेऊन तो १८३७ मध्ये परतला. एवढ्या सायासाने आणलेला हा वृक्ष चॅट्सवर्थला फुललाच नाही. इंग्लंडमध्ये तो प्रथम फुलला १८४९ मध्ये, ईलिंग येथील एका बाईंच्या काचगृहात. राउझलीला उतरलेल्या गर्दीला काचगृहातील हिरवाई ही ड्यूकच्या वैभवाची आणि पॅक्स्टनच्या कर्तबगारीची खूण वाटली असेल. तिच्यामागे कंपनी सरकारचा प्रदेश आणि कंपनीची उद्याने उभी होती, हे सांगण्यासाठी तेथे पाटी असण्याचे कारण नव्हते. पुढे पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी भट्ट्या थंडावल्या, झाडे मेली आणि १९२० मध्ये ते काचगृहही पाडून टाकण्यात आले.

कर, मोटार आणि सिंह

विसाव्या शतकात मालकाची बाजू पडती झाली. १८९४ पासूनचा वारसाकर उत्तरोत्तर चढत गेला. दहाव्या ड्यूकने मालमत्ता पुत्राच्या नावे केली होती, पण करमाफीसाठी आवश्यक असलेली पाच वर्षे पुरी होण्यास जेमतेम चौदा आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, तो वारला. ऐंशी टक्के कर भरण्यासाठी कुटुंबाला हार्डविक हॉल सरकारला द्यावा लागला. अशा घरांची संभाव्य वाताहत ओळखून लॉर्ड लोथियनने १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्टपुढे एक योजना मांडली. १९३७ च्या कायद्याने तिला रूप आले आणि १९४० मध्ये लोथियनच्या मृत्यूनंतर त्याचेच ब्लिकलिंग ट्रस्टकडे गेले. घर ट्रस्टचे व्हावयाचे, घराण्याने तेथे राहावयाचे आणि जनतेने ठरावीक दिवशी पाहावयाचे, अशी ही तडजोड होती. शेकडो घरांना हे भाग्य लाभले नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ साली पाडल्या गेलेल्या अशा घरांचे प्रदर्शनच भरविण्यात आले.

ज्यांना घर हातचे जाऊ द्यावयाचे नव्हते त्यांनी तिकीट लावले. बाथच्या मार्क्विसने १९४९ मध्ये अडीच शिलिंगांत लाँगलीट खुले केले. १९३८ च्या कायद्यामुळे पगारी रजेचे तत्त्व मान्य झालेले होते आणि युद्धोत्तर काळात मोटारही घरोघर आली. कुटुंब हाच आता गिऱ्हाइकाचा एकक ठरला. मुलांना कंटाळा येता कामा नये, म्हणून लाँगलीटला १९६६ मध्ये मोकळे सिंह आले. अभिजनांनी नाके मुरडली. तथापि, वॉलपोलने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी मार्क्विसने सिंह आणावेत, ही सामाजिक क्रांती लहान नव्हे. घराची कथा मात्र बदलली नाही. हाउसकीपरच्या तोंडची मालकाची स्तुती आता छापील पुस्तिकेत आली, एवढेच.

पोविस आणि एक साधा प्रश्न

वेल्समधील पोविसचा किल्ला हे याचे उत्तम उदाहरण आहे. उतारावर एकाखाली एक उतरत गेलेले सज्जे आणि शतकानुशतके वाढून ढगांसारखी आकार हरवलेली यूची झाडे यांमुळे तेथील बाग ब्रिटनमधील अत्यंत मनोहर बागांत गणली जाते. रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड याचा १७८४ मध्ये या घराण्यातील हेन्रिएटाशी विवाह झाला. श्रीरंगपट्टण पडले तेव्हा, १७९९ मध्ये, तो मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाच्या छापील कापडाच्या तंबूसह क्लाइव्ह पितापुत्रांनी जमविलेला हिंदुस्थानी वस्तूंचा मोठा संग्रह आज तेथे आहे. १९५२ पासून हे स्थान ट्रस्टकडे असून संग्रहाचे दालन १९८७ मध्ये उघडले. महाराष्ट्रीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण हवे असल्यास लंडनमधील वेलिंग्टनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा ‘डेक्कन सर्व्हिस’ हा भोजनसंच पाहावा. १८०३ च्या असईच्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी तो आपल्या सेनापतीस अर्पण केला होता. असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे.

‘संग्रह’ हा शब्द येथे फार काम करतो. त्यात खरेदी, नजराणा, वारसा आणि लूट यांची सरमिसळ करता येते. मोठा प्रेक्षक कलाकुसर पाहून पुढे सरकतो. हे इथे कसे आले, हा प्रश्न मूल विचारते.

हे केवळ भाववाक्य नव्हे. लेस्टर विद्यापीठातील कोरिन फाउलर यांनी नॅशनल ट्रस्टच्या सहकार्याने ‘कलोनियल कंट्रीसाइड’ हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्यात प्राथमिक शाळांतील मुलांनाच पुढे ठेवले. ट्रस्टच्या घरांत जाऊन, तेथील वस्तूंचा साम्राज्याशी असलेला संबंध समजून घेऊन, मुलांनी स्वतः लिहावे अशी त्याची योजना होती. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या ९३ स्थानांचे वसाहतवाद व गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध नोंदविणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि मोठाच गदारोळ उडाला. लोक सुटीत चहा आणि बाग यांसाठी येतात, त्यांना अपराधी वाटावयास लावू नये, असा आक्षेपाचा सूर होता. धर्मादाय आयोगाने २०२१ मध्ये ट्रस्टकडून कायद्याचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला.

आक्षेपकांचे म्हणणे सर्वस्वी उडवून लावण्यासारखे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. सहलीला विश्रांतीचा हक्क आहेच, आणि पोविसच्या सज्ज्यांवरून दिसणारी दरी कोणाच्याही पापाने कमी सुंदर होत नाही. परंतु सहल निरागस होती आणि अहवालाने तिच्यात राजकारण घुसडले, हे मात्र इतिहासाला धरून नाही. विल्टनच्या द्वारपालाची वही, स्ट्रॉबेरी हिलचे छापील नियम आणि लाँगलीटचे अडीच शिलिंग या प्रत्येकात कोणाला आत घ्यावयाचे आणि त्याला काय ऐकवावयाचे, याचा निर्णय होताच. तो आजवर मालकाने घेतला होता. आता त्यात मुलांनी लिहिलेल्या मजकुराला जागा मिळू लागली आहे.