कातडं बोलतं, तबकडी मुकी

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८५च्या नाताळात ग्लॉस्टर इथं दरबार भरवला आणि राज्यातल्या जमीनजुमल्याची मोजदाद करण्याचा हुकूम सोडला. कुणाकडे किती नांगर, किती पाणचक्क्या, किती कुरणं, हे सगळं लॅटिनमध्ये मेंढीच्या कातड्यावर उतरवलं गेलं. आपल्या सातबाऱ्याचा थोरला चुलतभाऊच म्हणा ना! त्या नोंदीपुढे दाद ना फिर्याद, म्हणून लोक त्याला पुढं ‘डूम्सडे बुक’, म्हणजे कयामतीच्या दिवसाची वही, म्हणू लागले.

या वहीला ९०० वर्षं झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. शाळकरी मुलांसह सुमारे दहा लाख लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रं दिली. पंचवीस लाख पौंड खर्चून हे भांडार बारा इंची लेझर तबकड्यांवर चढवलं गेलं.

आणि २००२च्या सुमारास ओरड सुरू झाली, की हे आता वाचायचं कसं? तबकड्या तशा धड होत्या. पण त्या वाचणारं यंत्र खास, त्याला जोडायचा संगणकही खास, आणि दोन्ही बाजारातून गेलेले. सोळा वर्षांत! अखेर लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्या जुन्या संगणकाचं सोंग वठवणारी आज्ञावली लिहिली, तेव्हा मजकूर दिसू लागला. २०११ साली त्यातला काही भाग बीबीसीने इंटरनेटवर आणला. २०१८ साली ते संकेतस्थळही बंद झालं, त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने जपली. मूळ कातडी वही लंडनमध्ये क्यू इथं त्याच अभिलेखागारात आहे. लॅटिन येत असेल तर आजही वाचता येते.

भरवशाचं साधन कोणतं, असं मला लोक विचारतात. हार्ड डिस्क पडली की तिची सुई चकतीवर घासते. घरी भरलेल्या सीडीचा रंग उन्हाने विटतो. पेन ड्राइव्हमध्ये विजेचा भार कोंडलेला असतो, तो वर्षानुवर्षं पडून राहिला तर झिरपतो. फ्लॉपीचं तर विचारूच नका.

पण माझ्या एका संग्रहाची १९९७ सालची फ्लॉपी मुलाने परवा उघडली, ती चक्क चालली. कविता मात्र दिसेनात. रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी! युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाची सांकेतिक भाषा वेगळी होती, आणि तो फाँट आता मिळत नाही. शेवटी तालुक्याच्या वाचनालयातल्या कसर लागलेल्या छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केलं.

पुण्याच्या पेशवे दप्तरातही कोट्यवधी कागद मोडीत पडून आहेत. कागद शाबूत, वाचणारे थोडे. पण मोडीचे निदान वर्ग तरी भरतात.