कॉन्फरन्सचं निमंत्रण आलं. आता इटलीतल्या त्रिएस्तेला पोहोचायचं कसं?

शोधनिबंध स्वीकारला गेल्याचा ई-मेल येतो, घरात पेढे वाटले जातात आणि मग रात्री उशिरा नकाशा उघडला जातो. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला चिकटून, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर एक गाव दिसतं: त्रिएस्ते. भारतातून तिथे थेट विमान नाही. सभागृह शहरात नाही. आणि शहराच्या नावाच्या विमानतळावर उतरलं, तरी शहर तिथून तीसेक किलोमीटर लांब आहे.

तरीही भारतातले भौतिकशास्त्र आणि गणिताचे शेकडो विद्यार्थी, प्राध्यापक आजवर इथे जाऊन आलेत. कारण आहे 'आयसीटीपी', म्हणजे अब्दुस सलाम इंटरनॅशनल सेंटर फॉर थिअरॉटिकल फिजिक्स. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांसाठी घरापासून सभागृहापर्यंतचा हा प्रवास टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

त्रिएस्तेच का?

पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये ही संस्था सुरू केली. विकसनशील देशांतल्या संशोधकांना जगाच्या विज्ञानापासून तुटल्यासारखं वाटू नये, हा त्यामागचा हेतू. सलाम यांना १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ही संस्था इटली सरकार, युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या करारावर चालते.

महाराष्ट्राशी तिचा थेट धागाही आहे. २०१९ मध्ये संस्थेच्या संचालकपदी आलेले अतीश दाभोलकर हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीचे. 'प्रयोग परिवार'वाले श्री. अ. दाभोलकर हे त्यांचे वडील.

इथल्या बहुतेक कार्यक्रमांना नोंदणी शुल्क नसतं. अर्ज करायचा, निवड व्हायची, आणि गरजूंना प्रवास किंवा राहण्यासाठी मदतही मिळू शकते. हे लक्षात ठेवण्याचं कारण वेगळं आहे. कुठल्याही विषयावरचा निबंध चोवीस तासांत स्वीकारणाऱ्या आणि लगेच मोठं शुल्क मागणाऱ्या बनावट परिषदांचे ई-मेल संशोधकांना रोज येतात. तिकीट काढण्याआधी परिषदेचं नाव आयोजक संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर आहे का, वक्त्यांच्या यादीतली माणसं खरोखर येणार आहेत का, एवढं तपासलं तर लाखभर रुपये वाचू शकतात.

व्हिसा: पहिली आणि सगळ्यात मोठी पायरी

आठ-दहा दिवसांच्या परिषदेसाठी शेंगेन व्हिसा लागतो, 'सी' प्रकारचा. नियम असा की, ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे अर्ज करायचा. विमान फ्रँकफर्टला बदलत असलं, तरी परिषद त्रिएस्तेला असेल तर अर्ज इटलीकडेच.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. म्हणून निमंत्रणपत्र हातात आलं की पहिलं काम अपॉइंटमेंटचं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत, पण आधीच्या व्हिसाची प्रत जवळ ठेवलेली बरी.

जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे. मात्र अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट युरोपीय संघाच्या व्हिसा नियमावलीत आहे. वैज्ञानिक चर्चासत्र किंवा परिषदेसाठी जाणाऱ्या संशोधकांना हे शुल्क माफ असतं. अभ्यास किंवा प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ही सवलत आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवा शुल्क वेगळं असतं आणि ते भरावं लागतं. सवलत हवी असेल तर निमंत्रणपत्रात आणि आपल्या विद्यापीठाच्या पत्रात 'संशोधक' हा उल्लेख आणि परिषदेचा उद्देश स्पष्ट लिहून घ्यावा.

विद्यापीठाकडून आणखी एक कागद लागतो: रजा मंजूर असल्याचं आणि परत येऊन रुजू होणार असल्याचं पत्र. हा माणूस परत येईल का, हा व्हिसा अधिकाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न असतो. त्याचं उत्तर या पत्रात असतं.

विमान कुठलं घ्यायचं?

मुंबईहून निघणाऱ्यांपुढे साधारण तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग थेट त्रिएस्ते विमानतळाचा. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर, उदाहरणार्थ फ्रँकफर्टला, विमान बदलून इथे येता येतं. शेवटचा टप्पा सोपा, पण विमानं कमी. एक चुकलं तर पुढचं कदाचित दुसऱ्या दिवशी.

दुसरा मार्ग व्हेनिसचा. आखाती देशांमार्गे व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरायचं आणि तिथून ट्रेन. अनेकांना हाच परवडतो.

तिसरा मार्ग मिलानचा. मालपेन्सा विमानतळावरून ट्रेनने मिलानो चेंत्राले स्टेशन गाठायला पाऊण-एक तास आणि तिथून त्रिएस्तेपर्यंत आणखी चार-पाच तास. तिकीट स्वस्त असलं तरी पूर्ण दिवस त्यातच जातो.

विमान बदलताना एक गोष्ट विसरू नये. इमिग्रेशन शेवटच्या विमानतळावर नाही, तर शेंगेन हद्दीतल्या पहिल्या विमानतळावर होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो. दोन विमानांमध्ये तासाभराचं अंतर कागदावर पुरेसं दिसतं, प्रत्यक्षात ते अंगलट येतं. तीन तास हाताशी असलेले बरे.

व्हेनिसहून त्रिएस्ते: चुका इथेच होतात

मार्को पोलो विमानतळाला रेल्वे स्टेशन नाही. विमानतळाबाहेरून बस पकडून व्हेनेझिया मेस्त्रे स्टेशनला जायचं, साधारण वीस मिनिटं. व्हेनिसमध्ये दुसरं स्टेशन आहे, व्हेनेझिया सांता लुचिया. ते कालव्यांच्या बेटावर आहे. फिरायला उत्तम, पण बॅगा घेऊन त्रिएस्ते गाठायचं असेल तर मेस्त्रे सोयीचं.

मेस्त्रेहून त्रिएस्तेला दोन मार्गांनी गाड्या जातात. पोर्तोग्रुआरोमार्गे जाणारी गाडी साधारण दोन तासांत पोहोचते. उदिनेमार्गे जाणारी लांबून फिरते आणि तासभर जास्त घेते. फलकावर दोन्हींच्या पुढे शेवटचं स्टेशन 'त्रिएस्ते' असंच दिसतं. म्हणून मधली स्टेशनं वाचूनच चढावं.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल, तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचं प्रवासाआधी ऑनलाइन चेक-इन करायचं असतं. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. पैसे भरलेत हे टीसीला कितीही पटवलं, तरी नियम तोच. राखीव आसनाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ही भानगड नाही.

वाटेत 'त्रिएस्ते एअरपोर्ट' नावाचं स्टेशन लागतं. नाव ऐकून घाईने उतरू नये. शहराचं स्टेशन 'त्रिएस्ते चेंत्राले' अजून अर्धा तास पुढे असतं. मोनफाल्कोने गेलं की उजवीकडे समुद्र उघडतो. खिडकी मिळाली तर याच बाजूची घ्यावी.

थेट त्रिएस्ते विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी हेच स्टेशन कामाचं. मार्च २०१८ मध्ये ते सुरू झालं आणि टर्मिनलपासून झाकलेल्या पादचारी पुलाने तिथे चालत जाता येतं.

स्टेशन ते सभागृह

आयसीटीपीचा परिसर शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मिरामारे किल्ल्याच्या बागेला लागून आहे. स्टेशनसमोरच्या चौकातून ग्रिन्यानोला जाणारी ६ क्रमांकाची बस मिळते. समुद्राकाठाने वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. बसचं तिकीट आधीच काढावं. तंबाखूच्या दुकानावर किंवा वर्तमानपत्रांच्या टपरीवर ते मिळतं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालावं लागतं. रात्री उशिरा आणि रविवारी बस कमी असतात, तेव्हा पोहोचण्याची वेळ पाहूनच विमान निवडावं.

टॅक्सी करायची असेल तर एक हिशेब ध्यानात घ्यावा. विमानतळाच्या बाजूने येताना संस्था शहराच्या अलीकडे लागते. म्हणजे विमानतळावरून थेट संस्थेत जाणाऱ्याला शहरात शिरायची गरजच नाही.

आता शेवटचा सापळा. 'आयसीटीपी' ही एक इमारत नाही. मुख्य लिओनार्दो इमारत वर, चढावर आहे. एड्रियाटिको गेस्टहाउस खाली, ग्रिन्यानोच्या छोट्या बंदराजवळ आहे आणि तिथेही व्याख्यानांची सभागृहं आहेत. दोन्हींच्या मध्ये चांगलीच चढण आहे. सकाळी नऊचं व्याख्यान खाली असताना वर जाऊन बसलं, तर घामाघूम होऊन परत यावं लागतं. कार्यक्रमपत्रिकेत सभागृहाच्या नावापुढे इमारतीचं नाव असतं, ते आदल्या रात्रीच पाहून ठेवावं.

जुन्या सूचनाही तपासून घ्याव्यात. 'सिस्सा' ही त्रिएस्तेतली दुसरी नामवंत संशोधन संस्था पूर्वी आयसीटीपीच्या शेजारी होती. २०१० मध्ये ती शहराच्या वरच्या भागात व्हिया बोनोमेआ या रस्त्यावर गेली. एखाद्या सरांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतून पत्ता सांगितला, तर माणूस भलत्याच ठिकाणी पोहोचेल.

पोहोचल्यावर काय लक्षात ठेवायचं?

पासपोर्ट: हॉटेल किंवा गेस्टहाउसमध्ये पासपोर्ट मागितला तर घाबरू नये. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत आलेल्या परदेशी पाहुण्याने आठ दिवसांत आपण आल्याचं कळवायचं असतं. हॉटेलच्या नोंदीने ते काम होतं. ओळखीच्या घरी राहणाऱ्याने मात्र यजमानाला त्याबद्दल विचारावं.

सीमा: स्लोव्हेनिया इतका जवळ आहे की सुट्टीच्या दिवशी सहज चक्कर होते. ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. पासपोर्ट खोलीवर ठेवून निघू नये.

संप: इटलीत वाहतुकीचे संप वारंवार होतात. फलकावर किंवा बातम्यांत 'शोपेरो' हा शब्द दिसला की सावध व्हावं. संप आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात.

वारा: हिवाळ्यात 'बोरा' नावाचा थंड वारा डोंगरावरून समुद्राकडे झेपावतो. त्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर जातात. पूर्वी लोकांना धरून चालता यावं म्हणून इथल्या रस्त्यांवर दोर बांधले जायचे. छत्रीचा उपयोग शून्य. कानाला बांधता येईल अशी टोपी न्यावी.

वेळ: इटलीचं घड्याळ भारताच्या हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. परिषद त्याच आठवड्यात असेल तर घरच्यांना फोनची वेळ नव्याने सांगावी लागते.

प्लग: आपला गोल पिनांचा तीन पिनी प्लग तिथे बसत नाही. मोबाइलचा दोन बारीक पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी चालतो. लॅपटॉपसाठी अॅडॉप्टर मुंबईतूनच घ्यावा.

कॉफी: त्रिएस्तेची कॉफीची भाषा इतर इटलीपेक्षा वेगळी आहे. साधी एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणायचं. 'कापो' मागितली तर थोडं दूध घातलेली छोटी कॉफी येते. कॉफीचा प्रसिद्ध 'इली' ब्रँड १९३३ मध्ये याच शहरात सुरू झाला.

एक कागद खिशात

मोबाइलची बॅटरी संपते, सिम चालू होत नाही, विमानतळाचं वायफाय ओटीपी मागतं आणि भारतातल्या नंबरवर तो येत नाही. म्हणून निघण्याआधी एक कागद छापून खिशात ठेवावा. त्यावर इमारतीच्या नावासह मुक्कामाचा पत्ता, आयोजकांचा फोन नंबर, विम्याचा क्रमांक, ट्रेन आणि बसचा मार्ग आणि ११२ हा युरोपभर चालणारा आपत्कालीन क्रमांक. सोबत निमंत्रणपत्राची प्रत. इमिग्रेशनच्या काउंटरवर 'कशासाठी आलात?' असं विचारलं, तर तीच पुढे करायची.