कणांचं आजोळ

कर्करोगाच्या पेशी अंगावेगळे बारीक कण सोडतात आणि ते कण रोगप्रतिकारक पेशींना नामोहरम करतात, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकांत आली आहे. या कणांचा कुलवृत्तांत सगळीकडे एकाच चालीने सांगितला जातो. १९४६ साली अर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना रक्तद्रव अतिवेगाने फिरवल्यावर तळाशी रक्त गोठवणारा साका मिळाला. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी अशा कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं. १९८३ साली सेंट लुईस आणि माँट्रियल इथल्या दोन गटांनी दाखवलं, की अपरिपक्व तांबड्या पेशी नकोशी झालेली प्रथिनं कणांत भरून बाहेर टाकतात. माँट्रियलच्या रोझ जॉनस्टन यांनी पुढे ‘एक्झोसोम’ हे नाव रूढ केलं. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. संपला वृत्तांत.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत बापाची शाखा पंधरा पिढ्या मागे जाते आणि आजोळ एका ओळीत आटोपतं. इथेही तसंच झालंय. वरची वंशावळ कणाची आहे, कणावर चढवलेल्या हत्यारांची नाही. ती हत्यारं घडली वारेत, असं माझं म्हणणं आहे. बाळंतपणात बाळामागून पडते तीच ही वार.

धागा सापडला तो १९८० साली ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये आलेल्या एका निबंधात. डग्लस टेलर आणि त्यांचे दोन सहकारी गाठीतून सुटणारे पटलाचे तुकडे हुडकत होते. या गटाचं काम अंडाशयाच्या कर्करोगावरचं. आता गाठीचा तुकडा म्हणून ओळखायचा कशावरून? त्यांनी जी खूण धरली ती वारेची होती: ‘प्लॅसेंटल’ जातीचं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम. वारेचा शिक्का असलेला कण कर्करोग्याच्या अंगात काय करत होता?

हे एन्झाइम ओळखायची जुनी युक्ती मोठी मजेशीर आहे. रुग्णाच्या रक्ताचा द्रव भाग घ्यायचा आणि काही मिनिटं ६५ अंश सेल्सियसला तापवायचा. यकृत आणि हाडांकडून आलेली फॉस्फटेजं त्या उष्णतेत निकामी होतात, वारेचं मात्र टिकून राहतं. तापवल्यानंतरही काम चालू दिसलं आणि रुग्ण गरोदर नसला, की डॉक्टरांनी कान टवकारायचे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात विल्यम फिशमन यांना १९६८ साली फुप्फुसाच्या कर्करोगात असंच एन्झाइम सापडलं. त्याला ‘रीगन आयसोएन्झाइम’ म्हणतात, रुग्णाच्या आडनावावरून. वृषणाच्या सेमिनोमा या कर्करोगातही ते दिसतं, आणि तिथे तर वारेचा संबंधच नाही! पण वारेचे जनुक प्रत्येक पेशीत असतात. ते मिटलेले असतात, एवढंच. कर्करोगात अशी बंद कपाटं उघडतात.

आता उलट बाजूने बघू. गर्भाचा निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरी आई नऊ महिने तो झुगारत कसा नाही? हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली नीट मांडला. उत्तरं बरीच आहेत. त्यातलं एक म्हणजे वार आईच्या रक्तात सोडत राहते ते कण. टेलर आणि सिसेक गर्सेल-टेलर यांनी २००५ साली लिहिलं, की गाठीचे एक्झोसोम टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींमधला सीडी३-झीटा हा संदेशवाहक दुवा लुळा पाडतात. २००६ साली याच जोडीने गरोदर बायकांच्या रक्तातल्या एक्झोसोमवर लिहिलं: तेच सीडी३-झीटा, तोच लुळेपणा. शिवाय पूर्ण दिवस भरून बाळंत झालेल्यांच्या कणांत ही दडपण्याची ताकद अधिक होती, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणींच्या कणांत कमी.

दोन्ही शोध एकाच घरातले, म्हणून शंका घेता येईल. मग बाहेरचे साक्षीदार काढू. टी-पेशीला आत्महत्येचा हुकूम देणारं फास-लिगँड हे प्रथिन मिलानच्या संशोधकांना २००२ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या कणांवर दिसलं, आणि स्वीडनमधल्या उमेओच्या गटाला २००५ साली वारेच्या कणांत. मारक पेशींवर एनकेजी२डी नावाचा ग्राहक असतो, बिघडलेली पेशी हेरण्यासाठी. कार्डिफच्या गटाने २००८ साली दाखवलं, की गाठीचे कण हा ग्राहक मारक पेशीवरून उतरवतात. २००९ साली उमेओकरांनी वारेच्या कणांचंही हेच काम नोंदवलं. हत्यार तेच आणि बळी पडणारी पेशीही तीच.

प्रतिपक्ष गप्प बसणार नाही. पहिला आक्षेप: कण तर जवळजवळ प्रत्येक पेशी सोडते, जिवाणूसुद्धा, मग उसनवारी कसली? मान्य, पण मी कणाबद्दल बोलतच नाही, त्यावरच्या सामानाबद्दल बोलतोय. दुसरा आक्षेप असा, की कणांतून प्रतिकारयंत्रणेशी बोलणं ही मुळात प्रतिकारक पेशींचीच रीत. ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली बी-पेशींचे कण टी-पेशींना जागं करतात हे दाखवलं. १९९८ साली पॅरिसच्या गटाने डेंड्रायटिक पेशींच्या कणांनी उंदरांतल्या गाठी मागे हटवल्या, आणि २००१ साली गाठीचेच कण लशीसारखे वापरता येतील असं म्हटलं. खरं आहे. पण डेंड्रायटिक पेशींच्या कणांची लस माणसांत, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर अजमावली तेव्हा ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. तो निकाल २०१६ सालचा. चिथावणारा गुण कणांत आहे, दडपणारा त्याहून जबर आहे.

तिसरा आक्षेप मात्र वर्मी लागतो. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वेई ग्वो यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की मेलानोमाच्या एक्झोसोमवर पीडी-एल१ हे टी-पेशींना थोपवणारं प्रथिन असतं आणि इंटरफेरॉन-गॅमा मिळालं की ते वाढतं. इंटरफेरॉन-गॅमा सोडतात हल्ला करणाऱ्या टी-पेशीच. म्हणजे हल्ल्यानेच ढाल जाड होते, आणि यात वारेचा जनुक उघडायची गरजच पडत नाही. माझा अंदाज असा: ढाल उगारण्याची कळ सगळ्या पेशींत आहे, पण ती अंगावेगळी करून रक्तभर फिरवायची, तीही महिनोन्‌महिने, हा शिरस्ता वारेचा. अंडाशय आणि वृषणाच्या गाठींत हे आजोळ ठसठशीत दिसतं, मेलानोमात पुसट.

या मताचा एक बदनाम पूर्वजही आहे. एडिंबराच्या जॉन बिअर्ड यांनी १९०२ साली ‘लॅन्सेट’मध्ये, कर्करोग म्हणजे भरकटलेल्या वारेच्याच पेशी, असं ठोकून दिलं. ते चुकलं, आणि त्यातून भोंदू उपचारांना पुढे बरंच खाद्य मिळालं. गाठ ही वार नव्हे. ती वारेची रीत वापरते, एवढाच माझा दावा आहे.

आणि त्याला पुरावा दवाखान्यातच मिळतो. पीडी-एल१ अडवलं तर गाभण उंदरिणींचे गर्भ अधिक प्रमाणात दगावतात, हे २००५ सालीच दिसलं होतं. आज पीडी-एल१ किंवा त्याचा टी-पेशीवरचा ग्राहक पीडी-१ अडवणारी औषधं कर्करोगावर सर्रास देतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकात गर्भाला धोका होऊ शकतो, उपचार चालू असताना दिवस राहू देऊ नका, असा इशारा असतो. बाकीच्या अनेक कर्करोग-औषधांत हा इशारा वाढत्या पेशी मारल्या जातात म्हणून असतो. इथे तो आईची सहनशीलता मोडेल म्हणून आहे. गाठीची ढाल फोडायला जावं तर धक्का गर्भाच्या ढालीला बसतो. दोन्ही ढाली एकाच घडणीच्या आहेत, हे मानायला मला एवढं पुरेसं आहे.