मॉडेल रॉकेट
कागदी नळी, हलके लाकूड व प्लॅस्टिक यांची जोडणी करून बनवलेले, छोट्या घन-इंधन मोटारीवर उडणारे आणि पॅराशूटने परतणारे रॉकेट. ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत त्याचा आद्य नमुना तयार केला. शेपटीची पाती नळीला सरळ व समान अंतरावर चिकटवतात. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे असला तरच उड्डाण स्थिर राहते. प्रज्वलन विजेच्या साहाय्याने, लहान मोटारींसाठी किमान ५ मीटर अंतरावरून करतात. मोटार न पेटल्यास बॅटरी सोडवून ६० सेकंद कोणीही जवळ जात नाही. दाट वस्तीत असे उड्डाण करू नये. त्यासाठी विजेच्या तारा व सुके गवत नसलेले मोकळे मैदानच लागते.