डायलिसिस चालू, तरी अशक्तपणा का? रक्तातल्या ‘निरोपां’चा इतिहास

डायलिसिस वेळच्या वेळी होते, तरी तोंडाला चव नाही, हिमोग्लोबिन चढत नाही, थकवा जात नाही. कवठे महांकाळकडून आठवड्यातून दोन-तीनदा मिरज-सांगलीला डायलिसिससाठी जाणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग रक्तातल्या ‘सायटोकाइन’ या रेणूंमध्ये आहे. ते कसे लक्षात आले हे समजले, तर उपचारही नीट समजतात.

सायटोकाइन म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींनी शरीरभर धाडलेले निरोप. ‘जंतू शिरलाय, ताप वाढवा, कुमक पाठवा’ असे ते सांगतात. संकट टळले की हे निरोप थांबायला हवेत.

नेदरलँडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णांवर वापरायला सुरुवात केली. १९४५ मध्ये त्यामुळे ६७ वर्षांची एक महिला वाचली. पुढे बरीच वर्षे डॉक्टरांचे लक्ष युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियमवर राहिले. पण युरिया उतरला तरी काही रुग्णांना मशीनवर थंडी वाजे, ताप येई, रक्तदाब घसरे.

१९८३ मध्ये डॉ. ली हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. रक्ताचा डायलायझरच्या पडद्याशी संपर्क येतो आणि पलीकडच्या पाण्यातले जंतूंचे अंश पेशींना चिथावतात. मग पेशी ‘इंटरल्यूकिन-१’ हा सायटोकाइन सोडतात. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर द्रावण लागते. दुष्काळी भागातल्या आपल्याला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण इथे पाणी पुरेसे असून भागत नाही, ते अतिशय शुद्धही लागते. बोअरचे असो वा टँकरचे, आरओ यंत्रणेतून गेल्याशिवाय ते चालत नाही. पुढे पडदे सुधारले, पाण्याचे निकष कडक झाले आणि हा त्रास कमी झाला.

पण गोष्ट इथे संपली नाही. १९९० च्या दशकात डायलिसिस सुरूच न झालेल्या रुग्णांचे रक्त तपासले, तर त्यांच्यातही सायटोकाइन वाढलेले आढळले. म्हणजे दोष एकट्या मशीनचा नव्हता. निकामी मूत्रपिंडातून हे रेणू नीट बाहेर पडत नाहीत. शिवाय किडलेले दात, हिरड्यांचा पू, कॅथेटरमधला जंतुसंसर्ग नवे निरोप धाडतच राहतात. १९९९ मध्ये स्वीडनच्या डॉ. पीटर स्टेनविंकेल यांच्या गटाने दाखवले की मूत्रपिंडाच्या रुग्णांत कुपोषण, शरीरातला दाह आणि रक्तवाहिन्या कठीण होणे या गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

हिमोग्लोबिनचे कोडेही पुढे उलगडले. ‘इंटरल्यूकिन-६’ वाढले की यकृत ‘हेप्सिडिन’ जास्त तयार करते. ते शरीरातले लोह साठ्यातच कोंडून ठेवते. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप, तशी ही अवस्था. म्हणून फेरिटिन भरपूर दिसते, एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन चालू असते, तरी रक्त वाढत नाही.

सायटोकाइनची तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये सहसा होत नाही. पण दाह आहे का, हे ‘सीआरपी’ या साध्या रक्ततपासणीतून कळते. इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या औषधाने मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत सीआरपी बरेच उतरल्याचे २०२१ मध्ये एका चाचणीत दिसले. मात्र हा अजून रोजच्या वापरातला उपचार नाही.

तोवर तुमच्या हातात काय आहे? हिमोग्लोबिन चढत नसेल तर सीआरपी तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारा. दात-हिरड्या दाखवून घ्या. मानेतल्या कॅथेटरऐवजी हातावर फिस्टुला करता येईल का, हेही विचारा. थंडी वाजून ताप आला तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच कळवा. आणि ‘सूज आहे’ म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका. उरलेसुरले मूत्रपिंडही त्याने जाऊ शकते.